सहाशे किलोंचा लेथ आणि दहा फुटांवरचा स्लॅब

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडतो, म्हणजे मी कशाचं उत्तर देतोय ते इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. तुम्ही बंद पडलेल्या एका वर्कशॉपमधून साडेचार फुटी जुना लेथ, म्हणजे धातू फिरवत कातायचं यंत्र, घेतलाय. वजनकाट्याची पावती ६२० किलोंची आहे. घराखालचं गॅरेज १० बाय १८ फूट, स्लॅब १० फुटांवर, शटर साडेसात फूट उंच, खाली सिमेंटचा कोबा. सेकंडहँड एक टनी चेन कप्पी हाताशी आहे आणि गोठा मोडला तेव्हाचे दोन इंची बी क्लास (मध्यम जाडीचे) पाइप पडून आहेत. लेथ बसला की पुढे जुन्या जीपचं इंजिन काढायचंय. विचारलंय असं, की स्लॅबला हुक मारू की पाइपांची घोडी (पायांवर आडवा गर्डर टाकलेली, कप्पी टांगायची चौकट) करू, आणि गॅरेजसाठी आणखी काय काय घरी बनवता येईल.

मी फौंड्रीत मेंटेनन्सला एकतीस वर्षं काढली. निवृत्तीनंतर घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये माझाही असाच उद्योग चालतो, त्यामुळे तुमची हौस समजते. पण उत्तर तुम्हाला हवं तसं नाही. लेथ उचलूच नका, सरकवा. घोडी नंतर इंजिनासाठी करा, पण त्या पाइपांची नको. आणि स्लॅबला हात लावू नका.

स्लॅबचा विषय आधी संपवतो. राहत्या घराचा स्लॅब डिझाइन करताना त्यावर माणसं, कपाटं, पलंग यांचा भार चौरस मीटरला २०० किलोंच्या हिशेबाने धरतात, तोही पसरलेला. तुम्ही ६२० किलो एका बोटाएवढ्या बोल्टवर टांगणार. स्लॅबच्या मधल्या भागात खालचं काँक्रीट ताणात असतं, बारीक चिरा तिथेच पडतात, आणि अँकर बोल्ट नेमका तिथेच घुसवायचा म्हणता. पंख्याचा हुक तर विचारातही घेऊ नका. तो पाचेक किलोंच्या पंख्यासाठी आहे. शिवाय कप्पीचा ओढा कधीच सरळ खाली नसतो. वस्तू थोडी हलली की आडवा झटका बसतो आणि त्या झटक्याचा हिशेब कोणी केलेला नसतो. वरच्या खोलीत तुमच्याच घरची माणसं झोपतात.

आता समजा घोडी केलीत. तरी तिने टेम्पोतून लेथ उतरेल का? मोजून बघा. स्लॅब ३०५० मि.मी.वर. घोडीचा आडवा गर्डर १५० मि.मी. खोल, वर हाताची फट ५० मि.मी. म्हणजे गर्डरचा तळ २८५० वर आला. गर्डरवर सरकणारी ट्रॉली आणि एक टनी कप्पी पूर्ण आवळली तरी वरच्या टोकापासून खालच्या हुकापर्यंत सव्वा ते दीड फूट खातात. हुक आला २४३० च्या आसपास, म्हणजे आठ फुटांवर. पट्ट्याला, म्हणजे स्लिंगला, किमान दीड फूट द्यावा लागतो. राहिले साडेसहा फूट. टेम्पोचा हौदा अडीच फूट धरला आणि लेथ चार फूट, तर बेरीज झाली साडेसहा. हातात काही उरलं नाही. आणि टेम्पो आत येणार तरी कसा, शटर साडेसात फूटच आहे. जी घोडी लेथसाठी करायला निघालात ती लेथच्या कामाची नाही, हे गर्डर कापल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

म्हणून टेम्पोतून उतरवायला हायड्रा, म्हणजे चाकांवरची क्रेन, बोलवा. तासाचं भाडं घेतात, काम दहा मिनिटांचं असतं. फक्त त्याच्या माणसाला लेथ कुठून धरायचा ते तुम्ही सांगा, कारण तो सळ्या आणि टाक्या उचलून आलेला असतो. लेथच्या पुढच्या अंगाला आडवे जाणारे लीड स्क्रू (आटे पाडताना हत्यार सरकवणारा लांब स्क्रू) आणि फीड रॉड, त्यांच्याखालून पट्टा घालू नका. एकदा लीड स्क्रू वाकला की त्या लेथवर चांगला आटा निघायचा नाही. स्पिंडलला (फिरणाऱ्या मुख्य दांड्याला) किंवा त्यावरच्या चकला, म्हणजे काम धरणाऱ्या जबड्याला, बांधू नका. पट्टा बेडच्या, म्हणजे लेथच्या लांब बिडाच्या अंगाच्या, खालून घ्या आणि लीड स्क्रूवर दाब येतो तिथे बाहेरून लाकडाचा गुटका द्या, म्हणजे पट्टा स्क्रूपासून लांब राहील. बेडच्या धारेवर जुन्या कन्व्हेअर बेल्टचा तुकडा ठेवा, कापडी पट्टा धारेवर कापतो. सॅडल (हत्यार धरून बेडवर सरकणारा भाग) टेलस्टॉकच्या, म्हणजे दुसऱ्या टोकाच्या आधाराच्या, बाजूला नेऊन आवळून ठेवा, कारण हेडस्टॉककडची, म्हणजे चक फिरवणाऱ्या पेटीकडची, बाजू जड असते आणि थोडा तरी तोल साधतो. पहिल्यांदा चार बोटं उचलायला सांगा आणि थांबा. कुठे झुकतोय ते बघा, खाली ठेवा, पट्टा सरकवा, पुन्हा उचला. हायड्रावाला घाई करेल. करू दे.

शटरच्या बाहेर लेथ जमिनीवर आला की तुमचं काम सुरू. इथे उचलायचं आहे ते फक्त दीड-दोन इंच, आणि तेही एका वेळी एकच बाजू. हेडस्टॉककडे सुमारे ४०० किलो असतील, दुसरीकडे सव्वादोनशे. लांब पहार आणि खाली टेकू असला की दोन माणसं हे करू शकतात. पण मी पहारीवर विसंबत नाही, कारण पहार निसटली की हात खाली गेलेला असतो. नियम साधा: जेवढं वर गेलं तेवढं लगेच पॅकिंग. अर्धा इंच वर, अर्धा इंच फळी. पॅकिंग बाभळीच्या लाकडाचं घ्या. विटा, फरशीचे तुकडे, प्लायचे उरलेले चौकोन चालणार नाहीत. वीट दाबाखाली न सांगता फुटते.

याच कामासाठी पहिलं घरगुती हत्यार करा, आणि ते खरोखर करण्यासारखं आहे. साधा बॉटल जॅक आठ इंचांहून बुटका मिळत नाही आणि लेथच्या पायाखाली फट असते बोटाची. म्हणून पंजा करायचा. १२ मि.मी. जाडीची बेस प्लेट, साधारण १५० बाय २५०. तिच्यावर ७५ मि.मी.चे दोन चॅनेल (सी आकाराचे लोखंडी बार) समोरासमोर तोंड करून उभे वेल्ड करा, दीड फूट उंच. त्यांच्या खाचेत वर-खाली सरकेल अशी २० मि.मी. जाड पट्टी बसवा. पट्टीच्या खालच्या टोकाला पुढे आलेली जीभ, दोन इंच लांब, २० मि.मी. जाडीची, खालून गसेटने, म्हणजे त्रिकोणी आधारपट्टीने, पक्की केलेली. गसेटला जागा मिळावी म्हणून बेस प्लेट जिभेच्या बाजूला पुढे कापून घ्या. पट्टीच्या वरच्या टोकाला मागे वळलेला हात. जॅक मागे बेस प्लेटवर उभा राहतो, वरच्या हाताला ढकलतो, पट्टी वर येते, जीभ लेथच्या पायाला उचलते. बांधणी एवढीच. पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. जीभ जॅकच्या रेषेत नाही, चार-पाच इंच पुढे आहे, म्हणून सगळा पंजा पुढे झुकायला बघतो आणि पट्टी चॅनेलच्या खाचेत घासत अडते. जॅकच्या दांड्यालाही आडवा जोर बसतो. त्यामुळे पाच टनी जॅक वापरला तरी पंजावर रंगाने ‘१ टन’ असंच लिहा आणि तेवढंच पाळा. खाचेत ग्रीस भरा. जिभेचं वेल्डिंग ७०१८ नंबरच्या वेल्डिंग रॉडने, आणि रॉड कोरडा करून. पावसाळ्यात उघड्या पडलेल्या पाकिटातला ७०१८ ओल धरतो आणि त्याचं वेल्ड वरून देखणं दिसलं तरी आत भोकं राहतात.

रोलरसाठी तुमचे पाइप वापरू नका. एक इंची भरीव बार आणा, पाच-सहा तुकडे, लेथच्या पायांपेक्षा दोन्ही बाजूंना वीतभर लांब. कोब्यावर थेट लोळवलात तर कोबा टवका सोडतो, म्हणून खाली चौकडी पत्रा किंवा जाड फळ्या अंथरा. लेथचे दोन पाय वेगळे असतील तर दोन्हीखालून लांबीच्या दिशेने एक-एक चॅनेल बोल्टने जोडून घ्या, म्हणजे घसरगाडीसारखं होतं आणि रोलर पायांच्या मधल्या मोकळ्या जागेत पडत नाहीत. सरकवताना मागचा मोकळा झालेला रोलर उचलून पुढे ठेवायचा. पुढचा रोलर हातोडीने थोडा तिरका ठोकला की लेथ तिकडे वळतो. रोलर सरळ करायला हात किंवा पाय घालायचा नाही. हातोडीचा दांडा आहे त्यासाठी. माझ्या ओळखीत बोटाची पेरं गेलेले तीन फिटर आहेत. तिघांचीही रोलरनेच गेली, आणि तिन्ही वेळा ‘नुसतं जरासं सरळ करतो’ म्हणतच.

शटरच्या उंबऱ्याला उतार असेल, बहुतेक गॅरेजला असतोच. उतारावर रोलरवरचा लेथ ही थांबायला काही नसलेली गाडी आहे. तिथे मागून ओढून धरायला काहीतरी हवं. तुमची चेन कप्पी आडवी लावाल, तर ती चालत नाही. आडव्या कप्पीची हाताची साखळी चाकावरून निसटते. त्यासाठी लिव्हर ब्लॉक लागतो. दांड्याने दातादाताने सोडत न्यायचा असतो तो. भाड्याने आणा. त्याला बांधायला जागा गॅरेजचा कॉलम, शटरची पट्टी नव्हे.

आता घोडी, म्हणजे इंजिनासाठी. पाइपांची कल्पना का नको ते आकड्यांनीच बघू. दोन इंची बी क्लास पाइप बाहेरून ६०.३ मि.मी., जाडी ३.६ मि.मी. त्याचा सेक्शन मॉड्युलस, म्हणजे वाकण्याला विरोध करायचं माप, साडेआठ घन सें.मी.च्या आसपास. अडीच मीटरच्या मध्यावर जीपचं इंजिन गिअरबॉक्ससकट ३०० किलो धरा. वाकण्याचा मोमेंट म्हणजे वजन गुणिले लांबी भागिले चार: ३०० गुणिले २५० भागिले ४, म्हणजे १८,७५० किलो-सें.मी. त्याला ८.६ ने भागा. ताण आला चौरस सें.मी.ला जवळपास २२०० किलो. माइल्ड स्टील कायमचं वाकायला लागतं ते २५०० च्या आसपास. झटका धरलेला नाही, गंज धरलेला नाही, आणि गोठ्यातला पाइप आतून किती खाल्लाय ते कोणाला ठाऊक. ५०० किलो टांगलेत तर आकडा ३६०० च्या वर जातो, म्हणजे पाइप वाकणारच. हे पाइप गॅरेजच्या मांडणीला वापरा, सुंदर होतील.

आणि घोडी ३०० किलोंचीही करू नका. कप्पीवर एक टन लिहिलंय ना, मग घोडी एक टनाचीच हवी. आज तुम्हाला माहीत आहे की मर्यादा ३०० ची आहे. दोन वर्षांनी तुमचा मेहुणा किंवा शेजारी कप्पीवरचा आकडा वाचून काहीतरी टांगेल.

गर्डर आयएसएमबी १५० घ्या, म्हणजे इंग्रजी आय आकाराचा, १५० मि.मी. उंचीचा. मीटरला १५ किलो, सेक्शन मॉड्युलस ९७, मोमेंट ऑफ इनर्शिया, ज्यावरून झोळ काढतात, ७२६. एक टनाला झटक्याचे पंचवीस टक्के वाढवून १२५० किलो, अडीच मीटर लांबी: मोमेंट ७८,१२५, ताण चौरस सें.मी.ला ८०६ किलो. तिप्पट राखीव आहे. एक टन शांत लटकलेला असताना मध्यावर झोळ सव्वादोन मि.मी. पडेल. १२५ चा गर्डरही चालला असता, ताण अकराशेच्या खाली राहतो, पण झोळ साडेतीन मि.मी.च्या पुढे जातो आणि ट्रॉली मध्याकडे आपोआप घरंगळते. थोडंसंच, पण इंजिन हातात असताना ते थोडंसंसुद्धा नको वाटतं. गर्डर अखंड घ्या. भंगारातले दोन तुकडे मध्यावर जोडून लांबी करू नका, मग वेल्डर कितीही कसलेला असो. दोन्ही टोकांना ट्रॉलीचे स्टॉपर बोल्टने बसवा. हे विसरणारे मी पुष्कळ पाहिलेत. ट्रॉली एक दिवस गर्डरच्या टोकावरून बाहेर चालत जाते.

पायांना तीन इंची बी क्लास पाइप भरपूर होतो. पायांची चिंता करू नका, ते कधी मोडत नाहीत. मोडतो तो सांधा. दोन्ही बाजूंना इंग्रजी ए अक्षरासारखे दोन-दोन पाय, खाली आडवा चॅनेल. त्या दोन पायांमधलं अंतर मी उंचीच्या निम्म्याहून कमी ठेवत नाही. गर्डर आणि पाय यांच्या कोपऱ्यात पंचेचाळीस अंशाचा तिरका टेकू, दीड फुटाचा. तो नसेल तर घोडी लांबीच्या दिशेने काड्यापेटीसारखी डोलते. गर्डर पायांवर नुसता वेल्ड करू नका, वर प्लेट देऊन चार एम १६ बोल्टने धरा, ८.८ ग्रेडचे. खोलून भिंतीला लावून ठेवता येते, आणि दहा फुटी गॅरेजमध्ये ते लागणारच आहे. वेल्डची लांबी हा प्रश्नच नसतो. सहा मि.मी.चा फिलेट वेल्ड (कोपऱ्यात भरलेला) दहा सें.मी. लांब असला तरी कागदावर साडेचार टन घेतो. प्रश्न असतो तो पाइपावरचा जुना रंग आणि गॅल्व्हनायझिंग न खरवडता मारलेल्या वेल्डचा.

चाकं लावायची का? रिकामी घोडी हलवायला लावा, पण ओझं लटकत असताना घोडी ढकलायची नाही. कोब्यात शटरच्या पाण्यासाठी काढलेली खाच असते. तिच्यात एक चाक अडकलं की खालची बाजू थांबते, वरची पुढे जाते आणि ओझं लंबकासारखं झुलतं. इंजिन वर घ्या आणि जीप खालून मागे ढकलून काढा. जीपला चाकं असतातच.

आता माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो, कारण तीन पायांच्या घोडीचा विचार तुमच्या मनात येणारच. विहिरीवर मोटर काढायला लावतात तशी. मीही केली होती, दीड इंची पाइपांची, वरून एक लांब बोल्ट आरपार. शेडमध्ये दहा एच.पी.ची मोटर उचलत होतो, वजन शंभराच्या आतलं. खाली कोबा, त्यावर सांडलेलं कटिंग ऑइल नुकतंच पुसलेलं, म्हणजे पसरवलेलं. कप्पीची साखळी ओढता ओढता एक पाय हळूच, आवाजही न करता, वीतभर बाहेर गेला. मी वर बघत होतो, खाली नाही. पुढच्या ओढीला पूर्ण घोडी बसली. मोटर गोणपाटावर पडली, कप्पी माझ्या बुटावर. अंगठ्याचं नख गेलं, ते पुन्हा आलं तेव्हा वाकडं आलं. हिशेब नंतर मांडला: पाय उभ्या रेषेपासून तीस अंशाने फाकलेले असले तर प्रत्येक पायाला बाहेर ढकलणारा जोर त्याच्यावरच्या उभ्या वजनाच्या जवळजवळ ५८ टक्के असतो. शेतात तो पाय मातीत रुततो, म्हणून तिथे घोडी उभी राहते. कोब्यावर त्याला धरणारं काही नसतं. तिन्ही पाय खाली साखळीने एकमेकांना बांधले असते तर काहीच झालं नसतं. घोडी मी नंतर मोडली नाही, साखळी जोडली. पण ती आता अंगणातच वापरतो.

एक सीमा मात्र मी कधी ओलांडत नाही. चौकट घरी करायची, पण ओझ्याच्या थेट ओळीत येणारं जे काही आहे ते विकतचंच. हुक, साखळी, शकल (पिन घातलेली यू आकाराची कडी), आय बोल्ट (डोक्याला कडी असलेला बोल्ट), वायर रोप. कारण चौकट वाकली तर दिसते, वेळ देते. हुक न सांगता उघडतो. सळई गरम करून वळवलेला हुक पाहिला की मला घाम फुटतो. सळई काँक्रीटमध्ये ताण घ्यायला केलेली आहे, वळवून लटकवायला नाही. हार्डवेअरच्या दुकानात किलोवर मिळणारी साखळी गेटाला आणि म्हशीला ठीक. उचलायची साखळी वेगळ्या मिश्रधातूची असते, कड्यांवर ८ किंवा ८० असा ग्रेडचा शिक्का असतो. शकलची पिन हरवली तर त्या जागी बोल्ट घालू नका, दुसरी शकल आणा. आय बोल्टचं वजन सरळ वरच्या ओढ्यासाठी लिहिलेलं असतं. एम १२ चा सरळ ३४० किलो घेतो, पण पंचेचाळीस अंशात त्याचे २४० होतात. इंजिनाच्या हेडवर दोन आय बोल्ट लावून त्यातून एकच दोरी त्रिकोणात घेतात, ते यासाठीच धोक्याचं. दोन पदरांचा कोन जितका पसरट, तितका प्रत्येक पदरावर ताण जास्त. पदर आडव्यापासून साठ अंशांवर असले तर प्रत्येकावर वजनाचे ५८ टक्के, पंचेचाळीसवर ७१, आणि तीस अंशांवर उतरले की प्रत्येक पदरावर पूर्ण वजन. कापडी पट्टे घेताना रंग बघा: जांभळा एक टन, हिरवा दोन टन, पिवळा तीन. इंजिनासाठी तुम्हाला जांभळे दोन पुरेत. वरचं लेबल फाटलेला पट्टा मी फुकटही घेत नाही.

वायर रोपला यू क्लॅम्प लावायचे झाले तर किमान तीन, आणि तिघांचंही खोबणीचं अंग भार घेणाऱ्या लांब दोरावर, वाकडी सळी कापलेल्या तोकड्या टोकावर. बाजारात उलटसुलट लावलेलेच जास्त दिसतील.

तुमची सेकंडहँड कप्पी टांगण्याआधी उघडून बघा. हुकाची तोंडं मोजा. दोन्ही हुक सारखे असतील तर एकमेकांशी ताडून बघितलं तरी कळतं कोणता उघडलाय. साखळीची दहा कडी एकत्र मोजा, मग दुसरीकडची दहा. जिथे लांबी जास्त भरेल तिथे साखळी ताणली गेलीय. ओझं अर्ध्यावर थांबवून साखळी सोडा. कप्पीचा ब्रेक ते धरून ठेवतो का, की सूतभर खाली येतं? येत असेल तर ब्रेकच्या चकत्यांना तेल लागलंय. कौतुकाने तेल घालणारे घालतात, पण ब्रेक कोरडाच असावा लागतो. फौंड्रीत असताना आमच्या कप्प्या दरवर्षी बाहेरचा सक्षम माणूस येऊन तपासायचा. कारखाना अधिनियम १९४८ च्या कलम २९ मध्येच बारा महिन्यांची ती मुदत होती. घरी तो माणूस येणार नाही, म्हणून तुम्हीच दरवर्षी एक दिवस ठरवा. माझा खंडेनवमीचा असतो. हत्यारांना हळद-कुंकू लावायच्या आधी ती पुसावी लागतात, आणि पुसताना चिरा दिसतात.

घोडी तयार झाली की इंजिन लावण्याआधी तिची परीक्षा घ्या. एक टनाच्या घोडीला सव्वा टन द्यायचं खरं, पण तुमची कप्पीच एक टनाची आहे. म्हणून कप्पी बाजूला ठेवा. गर्डरच्या मध्यावर दोन टनी पट्टा टाकून त्याला एक लाकडी पाट जमिनीपासून चार बोटांवर टांगा, आणि वर वाळूची पोती एकेक करून रचत जा. ५० किलोंची पंचवीस झाली की सव्वा टन. पाटाखाली दोन्ही बाजूंना फळ्या रचून ठेवा, म्हणजे काही तुटलं तरी दोन बोटंच पडेल. गर्डरखाली आधीच दोरी ताणून बांधा आणि मध्यावरचं अंतर पट्टीने मोजून खडूने लिहा. दहा मिनिटं तसंच सोडून चहा घ्या, पण घोडीपासून लांब. पोती काढल्यावर दोरीपासूनचं अंतर पहिल्यासारखं झालं पाहिजे. एक मि.मी. जरी परत आलं नाही तरी काहीतरी कायमचं सरकलंय: बोल्ट, बेस प्लेट किंवा वेल्ड. तो शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका. मग हाच प्रयोग पट्टा दोन्ही टोकांकडे नेऊन, कारण टोकाला सगळं वजन एकाच बाजूच्या पायांवर जातं. सगळं पास झालं की रंगाने मोठ्या अक्षरात गर्डरवर ‘१ टन’ लिहा.

बाकीच्या घरगुती हत्यारांबद्दल लांबण लावत नाही. लेथ हातात आला की बेअरिंग पुलर, टॅप हँडल, व्हाइसचे पितळी जबडे, टेलस्टॉकमध्ये धरायचा डाय होल्डर ही पहिल्या महिन्यात करण्यासारखी कामं. आयटीआयच्या पोरांकडून व्ही ब्लॉक आणि गुण्या कानशीने करून घेतात, ते उगाच नाही. एकदा करून बघा, लेथपेक्षा कानस जास्त शिकवते. ग्राइंडर मात्र विकतचा घ्या. आणि चार इंची हँड ग्राइंडरचं गार्ड काढून त्याला लाकूड कापायची दातेरी पात लावायचा जो प्रकार सगळीकडे चालतो, तो तुमच्या गॅरेजमध्ये नको. अकरा हजार फेऱ्यांना ती पात लाकडात अडकली की ग्राइंडर हातात राहत नाही.

प्रेसबद्दल, म्हणजे बेअरिंग वगैरे दाबून बसवायच्या-काढायच्या चौकटीबद्दल, एकच सांगतो, कारण सगळे हौशी लोक पुढे प्रेस करतातच. वीस टनी बॉटल जॅक, फ्रेम छोटी, म्हणून लोकांना वाटतं त्यात काय. बेडची लांबी फक्त ५० सें.मी. धरली तरी मोमेंट येतो अडीच लाख किलो-सें.मी. तुमच्या एक टनी घोडीच्या तिप्पट. दोन आयएसएमसी १५० चॅनेल पाठीला पाठ लावून घेतले तर ताण बाराशेवर येतो, तेवढे घ्यावेच लागतात. मी ज्या घरगुती प्रेस बघितल्या त्यातल्या निम्म्या ७५ च्या चॅनेलच्या होत्या आणि बहुतेकांचे बेड हसरे झाले होते. प्रेससमोर पाच मि.मी. पत्र्याचं झाकण लावा. दाबाखाली बेअरिंगची बाहेरची कडी फुटते तेव्हा ती काचेसारखी उडते.

शेवटचं, हायड्रा बोलवण्याआधी ठरवायचं. लेथ कोणत्या भिंतीला लावणार? लेथसमोर उभं राहिलं की हेडस्टॉक डाव्या हाताला असतो. शटरमधून आत जाताना डाव्या भिंतीला लावणार असाल आणि भिंतीकडे तोंड करून काम करणार असाल, तर हेडस्टॉक शटरकडे येतो, म्हणजे टेलस्टॉक आधी आत गेला पाहिजे. उजव्या भिंतीला लावणार असाल तर हेडस्टॉक आधी. टेम्पोवाल्याला त्याप्रमाणे गाडी लावायला सांगा. नाहीतर ६२० किलो दहा फुटी गॅरेजमध्ये रोलरवर उलटं फिरवायला अख्खा रविवार जाईल. माझा गेला होता.